आधीचा फोटो

थंडी वाढली की खाटीकमामाच्या दुकानामागच्या गटारात चरबी गोठायची. दुधावर साय धरावी तशी, पण पिवळट आणि जाड. वर बोट टेकवलं तर ठसा उमटावा अशी. टेकवणार कोण, ते सोडा.

त्या दिवशीही धुकं खाली उतरलेलं, छपरांवरून थेंब गळतायत, आणि गल्लीत अजून कुत्रंही आळस देऊन उठलेलं नाही अशा वेळी शिसारी गटाराच्या तोंडाशी उकिडवी बसली होती. शाळेचा गणवेश अंगात, त्यावर आईचा जुना स्वेटर, बाह्या कोपराच्या वर सारलेल्या. तिनं गटारात अडकवलेली जाळी दोन्ही हातांनी हलवून वर काढली. ही जाळी म्हणजे भंगारातल्या पंख्याचं पुढचं झाकण. रात्रभरात तिच्यावर चरबीचा थर बसलेला, त्यात जनावराच्या पोटातला हिरवट चोथा, दोनचार केस, आणि कुणी तरी टाकलेलं बिस्किटाचं वेष्टन.

"शी," शिसारी म्हणाली. "कुणाच्या बापाचं गटार आहे म्हणून वेष्टनं टाकतात!"

मग सळईनं तिनं जाळी खरवडली. चरबी एका पिंपात, चोथा दुसऱ्या पिंपात. चरबी साबणवाला न्यायचा, चोथा रोपं विकणारा म्हातारा न्यायचा. आईनं आतून कढत पाण्याची बादली आणून गटारात ओतली, वाफेचा लोट उठला, आणि खालून पाणी 'गुळुक' करून पुढं सरकलं. तो आवाज ऐकल्याशिवाय शिसारी शाळेला निघायची नाही.

शिसारी हे तिचं खरं नाव नव्हे. खरं नाव शाळेच्या हजेरीत होतं आणि तिथंच राहायचं. इतर पोरं बोलायला शिकतात तेव्हा 'आई' म्हणतात, 'मामा' म्हणतात. ही बाई पहिल्यांदा तोंड उघडून म्हणाली 'शी'. दूध दिलं की शी, खेळणं दिलं की शी, शेजारणीनं मुका घेतला की शीऽऽ करून गाल पुसायचा. बाप ट्रकवर, महिन्यातून कधी तरी उगवायचा. त्याच्या अंगाला डिझेलचा वास, म्हणून ही त्याच्या कडेवरही जायची नाही. तोच वैतागून म्हणाला, "पोरगी कसली, शिसारी आहे ही नुसती!" ते नाव चिकटलं ते चिकटलंच. आईनं एकदा शाळेच्या फाटकात उभं राहून तिला त्याच नावानं हाक मारली आणि शाळेतही तेच झालं.

गंमत अशी की जिथं लोकांना किळस यायची तिथं हिला यायची नाही. आई खाटीकमामाकडं वजडी धुवायची. वजडी म्हणजे जनावराचं पोट आणि आतडी. आतला चोथा रिकामा करायचा, कढत पाण्यातून काढायचं, चुना लावून चोळायचं, सुरीनं वरची काळी साल खरवडायची, की आतून पांढरंशुभ्र, टॉवेलासारखं जाळीदार निघतं. शिसारी लहानपणी शेजारी बसून ते बघायची. त्यात शी कसली? घाण होती, धुतली, संपली.

तिला शिसारी यायची ती वेगळ्याच गोष्टींची. जिभेला बोट लावून वहीचं पान उलटणाऱ्या बाईंची. दात कोरून ती काडी हुंगणाऱ्यांची. चहाच्या कपाच्या कडेवरच्या दुसऱ्याच्या ओठांच्या ठशाची. वर अत्तर फवारून आत तोच बनियन आठवडाभर घालणाऱ्यांची. "तुझं नाक आहे का न्यायाधीश?" आई म्हणायची. "बसलंय आपलं ज्याला त्याला शिक्षा ठोठावत."

त्या नाकापायीच हे जाळीचं प्रकरण सुरू झालं. आधी दर हिवाळ्यात गटार तुंबायचं आणि गल्ली उताराची असल्यामुळं सगळी घाण सरळ शिंपीणकाकूंच्या घरात जायची. काकूंचं घर सगळ्यात खाली. बिचारीनं उंबऱ्याला फळी लावली, फळीला चिंध्या लावल्या, तरी शिलाईमशीनच्या पायट्यापर्यंत यायचंच. नातू रांगायला लागला तेव्हा तर काकू त्याला दिवसभर पलंगावर दोरीनं बांधून ठेवायच्या. शिसारीला ते बघवेना. दयेनं म्हणाल, तर थोडी दया असेलही. पण जास्त म्हणजे किळस. माणसाच्या पोराला असं बांधायला लावणाऱ्या घाणीची किळस.

सुट्टीत तिनं भंगारवाल्याकडून पंख्याची जाळी आणली. पहिली वाहून गेली. दुसरी वाकली. तिसरी तारेनं बांधली, ती राहिली. मग गल्लीतल्या पोरांना दमात घेऊन पाळ्या लावल्या. जो पाळी चुकवेल त्याच्या दारात ती पिंपातला चोथा नेऊन ठेवायची. फार भाषण करावं लागलं नाही. काकूंच्या मशीनखालची फरशी कोरडी झाली. नातवाची दोरी सुटली.

एवढंच होतं ते. त्याला प्रकल्प म्हणतात हे तिला शाळेनं सांगितलं.

शाळा चढावर. मोठी, काचेच्या खिडक्यांची. हुशारीच्या जोरावर शिसारीला तिथं फुकट जागा मिळालेली. त्या वर्षी एका संस्थेनं स्पर्धा काढली: युवकांनी आपल्या वस्तीत घडवलेला बदल दाखवा. शाळेत या स्पर्धेचं काम बघायला एक सर होते. ते मूळचे चित्रकलेचे, पण आताशा सगळे त्यांना प्रकल्पसरच म्हणायचे. शाळेतला असा एक कोपरा नव्हता जिथं सरांनी प्रकल्प केला नव्हता. झाडं लावायचे, फोटो काढायचे, झाडं मरायची. पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात झाडं लावायचे. खड्डे मात्र पक्के झालेले.

शिसारीच्या जाळीची बातमी कुणी तरी सरांच्या कानावर घातली आणि सर हर्षानं फुलले. लगेच गट बनवला. गटाचा म्होरक्या म्हणून वर्गातला एक गोरागोमटा मुलगा नेमला. बोलायला पोपट, सगळे त्याला कॅप्टन म्हणायचे. कॅप्टन गल्लीत एकदा येऊन गेला. नाकाला रुमाल लावून गटाराच्या कडेला उभा राहिला, "ग्रेट काम आहे," असं रुमालातून म्हणाला, आणि घरी जाऊन ओकला. हे त्यानंच मोठ्या अभिमानानं सगळ्यांना सांगितलं, जणू त्याच्या ओकण्यानंच गटार साफ झालं.

शिसारीला या पोपटपंचीची चीड यायची. पण तिनं दात आवळून धरले होते, आणि त्याला कारण होतं. जिंकणाऱ्या वस्तीचं राहिलेलं काम ती संस्था पूर्ण करून देणार होती. तसं कबूलच केलं होतं त्यांनी. शिसारीनं अर्जात लिहिलं होतं: गटारावर पक्की झाकणं आणि खालच्या घरापुढं उंच कट्टा. जाळी कितीही धुतली तरी मोठ्या पावसात ती पुरणार नाही हे तिला ठाऊक होतं. झाकणं झाली की काकूंचा नातू चालायला लागला तरी चिंता नाही. काकू तर रोज विचारायच्या, "काय गं, आली का झाकणं?" जणू शिसारी ती दप्तरातून आणणार होती.

एका दुपारी सरांनी गटाला बोलावलं. भिंतीवर पडदा, पडद्यावर शिसारीनं काढलेले फोटो. वाहतं गटार. कोरडी फरशी. पिंपं.

"सुंदर," सर म्हणाले. "पण आधीचा फोटो कुठाय?"

"आधीचा म्हणजे?"

"अगं, तुंबलेल्या गटाराचा. घाणीचा. आधी असं होतं, आता असं झालं. त्याशिवाय परीक्षकांना बदल कसा दिसणार?"

"आधी कोण फोटो काढणार सर? आधी तिथं श्वास घेता येत नव्हता."

कॅप्टन हसला. सर हसले नाहीत. त्यांनी हनुवटीला हात लावून पडद्याकडं असं पाहिलं, जसं एखादा आचारी आळणी रश्श्याकडं पाहतो.

"हे फार स्वच्छ आहे," ते म्हणाले. "हे बघून कुणाचं पोट ढवळणार नाही. मागच्या वर्षी दुसऱ्या स्पर्धेत आपण का हरलो? आपण साफ केलेल्या तळ्याचा आधीचा फोटो फिकट होता." मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. "एक दिवस जाळी काढून ठेवली तर?"

शिसारीला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "काढून?"

"फक्त फोटोपुरती. पिंपातलं थोडं परत ओतायचं. फोटो झाला की पुन्हा साफ. खोटं थोडंच आहे त्यात? होतंच ना तसं? आपण फक्त त्याची आठवण काढतोय."

"सर, धुतलेलं परत घाण करायचं?"

"तुला झाकणं हवीत का नकोत?" सरांनी इतक्या प्रेमानं विचारलं की शिसारीच्या अंगावर काटा आला.

संध्याकाळी तिनं गल्लीत हे सांगितलं तेव्हा आई सुऱ्यांना धार लावत होती. आई म्हणाली, "वेड लागलंय का तुमच्या मास्तराला? ताट घासून ठेवायचं आणि त्यात परत थुंकायचं?"

पण शिंपीणकाकू दारातूनच ओरडल्या, "अगं बाई, एक दिवस घाण तर घाण! इतकी वर्षं काय अत्तरात लोळत होतो का आपण? थुंका, पाहिजे तर मीही थुंकते. झाकणं येऊ देत!"

"तुझ्याच घरात जाईल ती घाण," आई म्हणाली.

"माझ्या घराला सवय आहे. तू नको काळजी करू."

काकूंचा नातू आईच्या पायाशी येऊन सुरीच्या दगडाला हात लावत होता. तिनं त्याला उचलून बाजूला ठेवलं, त्याच्या कोरड्या गुडघ्यांकडं पाहिलं, आणि म्हणाली, "करा काय करायचं ते." शिसारी त्या वेळी 'नको' म्हणू शकली असती. ते तिच्या जिभेवर आलंही होतं. पण झाकणं तिलाही हवी होती, आणि हवी असलेली वस्तू जिभेवर बसली की नाक मुकाट्यानं बंद होतं.

रविवारी सर आले. गळ्यात मोठा कॅमेरा, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट. बुटांवर अजून दुकानाची चिठ्ठी चिकटलेली. मागं कॅप्टन, नाकात कापूस. थंडी कडक होती. शिसारीनं जाळी काढली. गल्लीतली पोरं बघत होती. आजपर्यंत हीच ताई पाळी चुकवली म्हणून त्यांच्या दारात चोथा ठेवायची, आज स्वतःच्या हातानं पिंप तिरकं करतेय. एका पोरीनं विचारलं, "ताई, मग आम्ही कशाला काढलं होतं?" शिसारीनं पिंप आणखी तिरकं केलं.

चोथा धपकन पडला. चरबीचे गोळे तरंगले.

"अजून," सर म्हणाले.

"सर, तुंबेल."

"तुंबलं पाहिजेच ना! पाणी वाहतंय अजून. वाहत्या पाण्यात काय दिसणार? कॅप्टन, ते दुसरं पिंप."

कॅप्टननं दोन बोटांनी पिंपाची कड धरली, डोळे मिटले आणि ढकललं. अर्धं गटारात, अर्धं स्वतःच्या बुटांवर. "शिट यार," म्हणून तो कुणाच्या तरी भिंतीला पाय घासायला गेला. सर इकडून तिकडं फिरत होते, वाकत होते, उन्हाचा कोन बघत होते. मग त्यांची नजर शिसारीच्या आईवर गेली. ती दुकानाच्या मागच्या दारात हात बांधून उभी होती.

"ताई, तुम्ही इकडं या जरा. इथं वाकून उभ्या राहा. हातात काही तरी घ्या. नाही, सुरी नको, घाबरतील लोक. ते काळं, ते आतडं घ्या."

"ते धुवायचंय अजून," आई म्हणाली.

"म्हणूनच! न धुतलेलंच हवंय. हसू नका हां."

"मी कुठं हसतेय?"

"नाही, छान. असंच. जरा अजून वाईट वाटू द्या."

खाटीकमामा आतून पुटपुटला, "ह्याला घाला कढईत, मग वाटेल वाईट."

तेवढ्यात खालून काकूंची किंकाळी आली.

गटारानं आपलं काम चोख केलं होतं. चरबीचा एक जाड गोळा वळणावर जाऊन बसला होता आणि सगळं मागं फुगून उताराला लागलं होतं. फळीवरून, चिंध्यांवरून, उंबऱ्यावरून. काकूंनी जमिनीवर पांढऱ्या सदऱ्यांचा गठ्ठा ठेवला होता, शिवून, बटणं लावून तयार. ते सदरे त्याच चढावरच्या शाळेचे. हिरवट पाणी त्यांच्यात शिरलं आणि नातू त्यात दोन्ही हात आपटत खदखदा हसत होता. त्याला वाटलं खेळ आहे.

आई धावली. शिसारी धावली. आईनं हातातलं आतडं टाकलं, वळणावर गुडघ्यावर बसली आणि कोपरापर्यंत, मग दंडापर्यंत हात आत घातला. "सळई आण! अगं सळई!" शिसारीनं सळई दिली, ती घुसेना, मग तिनंही हात घातला. थंडगार, लिबलिबीत, बोटांना काही तरी केसाळ लागत होतं. आयुष्यात पहिल्यांदा तिला या कामाची किळस आली. तेच गटार, तीच चरबी, तोच चोथा. पण आजची घाण आपण वाढलेली होती, ताटात वाढावी तशी. आईच्या गालावर शिंतोडे उडाले होते, केस सुटले होते, तोंड वेडंवाकडं झालं होतं.

आणि वरून आवाज येत होता. खटक. खटक. खटक.

"हाच!" सर ओरडत होते. "हाच तो! हलू नका! देवा, काय फोटो मिळालाय!"

समारंभ शाळेच्या सभागृहात झाला. गादीच्या खुर्च्या, मंचावर फुलं, कोपऱ्यात खोलीचा वास घालवणारं यंत्र दर थोड्या वेळानं फुस्स करत होतं. सगळ्या शाळांची पोरं आलेली. एका गटानं कचराकुंड्यांवर हसरे चेहरे रंगवले होते. आता कुंड्या हसतात, असं त्यांची मुलगी सांगत होती, आणि कचरा कुठं जातो हे कुणी विचारत नव्हतं. दुसऱ्या एका गटानं म्हाताऱ्यांना मिठ्या मारल्या होत्या. त्या म्हाताऱ्यांचेही आधीचे आणि नंतरचे फोटो होते. आधीच्या फोटोत त्यांचे चष्मे काढून घेतलेले.

शिसारीची आई शेवटच्या रांगेत बसली होती. तिनं सकाळी दोनदा अंघोळ केली होती, हाताला लिंबू चोळलं होतं, धुतलेली शाल घेतली होती. गल्लीतून फक्त तीच आली. काकू घरी बसून सदरे तिसऱ्यांदा उकळत होत्या.

"तू फक्त एक वाक्य बोलायचंस," कॅप्टननं मंचामागं सांगितलं. "फोटो आला की 'ही होती आमची गल्ली'. बाकी मी बघतो."

कॅप्टन बोलायला लागला. छान बोलत होता. परिवर्तन, युवाशक्ती, संवेदना. पहिल्या रांगेत संस्थेच्या पाहुण्याबाई मान डोलवत होत्या. मग दिवे मंद झाले आणि पडद्यावर तो फोटो आला.

आई, भिंतीएवढी. गालावरचे शिंतोडे ताटाएवढे. वेडंवाकडं तोंड, दंडापर्यंत हिरवट हात. मागं पाण्यात आतड्याचं वेटोळं.

सभागृह एका आवाजात म्हणालं, "शीऽऽऽ!"

शिसारीनं तो शब्द जन्मभर वापरला होता. सकाळ संध्याकाळ, उठता बसता. पण एवढ्या तोंडांतून एकदम तिनं तो कधी ऐकला नव्हता. तो गटाराला म्हटलेला नव्हता. दुसऱ्या रांगेतल्या एका बाईनं तोंडावर हात धरला होता आणि बोटांच्या फटीतून बघत होती, मजा घेत. शिसारीनं शेवटच्या रांगेकडं पाहिलं. मंद उजेडात आईचा चेहरा दिसत नव्हता. एवढंच दिसलं की ती आपले लिंबू चोळलेले हात शालीखाली घेतेय.

कॅप्टननं माईक पुढं केला. "बोल," तो पुटपुटला.

"हा फोटो नंतरचा आहे," शिसारी म्हणाली.

हशा पिकला. सर बाजूनं म्हणाले, "घाबरलीय, घाबरलीय! आधीचा म्हण बाळा."

"नंतरचा आहे," ती मोठ्यानं म्हणाली. "आधी गटार साफ होतं. आम्ही साफ केलं होतं, गल्लीतल्या पोरांनी. तुम्हाला दाखवायला घाण पाहिजे होती म्हणून मी पिंप ओतलं. माझ्या हातानं. ते तुंबून खालच्या घरात गेलं, बाळाच्या अंगावर गेलं. ही माझी आई आहे. ती ते उपसतेय. आणि सर म्हणत होते हलू नका."

कोपऱ्यातलं यंत्र फुस्स झालं.

पाहुण्याबाई समजूतदार होत्या. त्या उठून माईकवर म्हणाल्या की मुलीचा प्रामाणिकपणा कौतुकास्पद आहे, टाळ्या झाल्या पाहिजेत. टाळ्या झाल्याही. त्याच टाळ्या मघाशी मिठ्या मारणाऱ्यांना पडल्या होत्या, तेवढ्याच. मग त्या म्हणाल्या की नियम मात्र नियम आहेत, खोटा पुरावा दिलेला प्रकल्प विचारात घेता येणार नाही. बक्षीस हसऱ्या कुंड्यांना गेलं.

मंचामागं सरांचे कान लाल झाले होते. "वर्षाची मेहनत," ते म्हणाले. "अगं सगळेच करतात. त्या कुंड्या काय खऱ्या आहेत? कागदाच्या आहेत त्या!"

"मग ते तुम्ही बोलायचं होतं सर, माईकवर."

सरांनी तिच्याकडं पाहिलं, आणि कॅमेऱ्याच्या काचेला फूं करून ती पुसायला लागले. कॅप्टन म्हणाला, "एक वाक्य होतं तुझं. एक!"

मायलेकी गल्लीत शिरल्या तेव्हा बातमी त्यांच्या आधी पोचली होती. शिंपीणकाकू गटारावर पार दुकानाच्या मागच्या भिंतीपर्यंत दोरी बांधून सदरे वाळत घालत होत्या. पांढऱ्यावर हिरवट छटा राहिलीच होती, उजेडात धरली की दिसायची. त्यांनी चिमटा दातांत धरला होता, तो काढला.

"खरं बोललीस म्हणे."

शिसारी उभी राहिली.

"फार छान केलंस. आता ते खरं आणून माझ्या दारात आडवं घाल. बघू पाणी अडतंय का."

"काकू..."

"काकू नको म्हणू. घाण माझ्या घरात गेली. सदरे माझे गेले. ते सगळं गिळून मी गप्प बसले होते ना? का बसले होते? मग तुझंच तोंड कसं गं एवढं नाजूक? आईचा फोटो लागला म्हणून? माझा लागला असता तर बोलली असतीस?"

शिसारीनं मनाशी विचार केला आणि तिला याचं उत्तर सापडलंही, पण ते इतकं ओंगळ होतं की तोंडातून निघेना. काकूंनी सदरा झटकला. पाण्याचे थेंब तिच्या तोंडावर उडाले. मग त्या घरात गेल्या, आणि आत त्यांनी नातवाला पलंगाकडं ओढल्याचा आणि त्यानं भोकाड पसरल्याचा आवाज आला. दोरी पुन्हा बाहेर निघाली होती.

आईनं शाल काढून खुंटीला लावली, जुना स्वेटर चढवला. शिसारी दारातच बसली होती.

"मी चुकले का?" तिनं विचारलं.

आई चुन्याच्या डब्यात बोट घालून बघत होती, कोरडा झालाय का. मग म्हणाली, "तिथं बोललीस ते बरं केलंस. मला तिथं बसवेना. पण खरं बोलायची जागा ती नव्हती. ती जागा इथं होती, पिंप तिरकं करायच्या आधी. इथं बोलली असतीस तर नुसता तुझा मास्तर रागावला असता." तिनं डबा बंद केला. "आणि माझीही होती म्हणा जागा. मीही कुठं बोलले."

"झाकणं गेली."

"आली कधी होती?"

बाहेर धुकं पुन्हा खाली यायला लागलं होतं. खाटीकमामानं दुकान धुवायला घेतलं, बादली आपटल्याचा आवाज झाला, आणि गटारातून पाणी यायला लागलं, सुरुवातीला जोरात, मग हळू.

"बसलीस काय," आई म्हणाली. "जाळी भरली असेल. गोठली की तुझ्या बापाच्यानंही निघायची नाही."

शिसारीनं शाळेचे चांगले बूट काढले. आज तिची पाळी नव्हती. ज्या पोरीची होती ती आली नव्हती, आणि तिच्या दारात चोथा नेऊन ठेवायचं तोंड आता शिसारीला उरलं नव्हतं. तिनं बाह्या वर सारल्या, सळई घेतली आणि गटाराच्या तोंडाशी उकिडवी बसली. डोक्यावर शाळेचे सदरे ठिबकत होते, थेंब मानेवरून पाठीत उतरत होता. जाळी जड झाली होती. तिनं दोन्ही हातांनी हलवून ती वर काढली. चरबी अजून मऊ होती, चोथा ताजा होता, आणि मधोमध पुन्हा एक बिस्किटाचं वेष्टन.

"शी," ती म्हणाली, आणि खरवडायला लागली.